कटऑफ म्हणजे पास होण्याची रेषा नव्हे: अमेरिकेतल्या निवडक सरकारी शाळांचा वाद

दरवर्षी प्रवेशाचे आकडे जाहीर झाले की न्यूयॉर्कमधून एक बातमी येते आणि तिचा मथळा जवळपास ठरलेला असतो: परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या स्टायव्हेसंट या सरकारी हायस्कूलमध्ये यंदा किती कृष्णवर्णीय मुलांना जागा मिळाली. २०१९ मध्ये ८९५ पैकी ७ जणांना मिळाली होती, आणि नंतरच्या वर्षांतही चित्र फारसं बदललेलं नाही. बातमी आली की दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ही प्रवेश परीक्षाच मोडीत काढा. दुसऱ्याचं म्हणणं, परीक्षेला हात लावलात तर शाळेचं वाटोळं होईल. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन शाळेचं प्रकरण तर पार सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलवरून शहरातल्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, तीन लोकनियुक्त सदस्यांना घरी बसावं लागलं (कारणं आणखीही होती, पण हे एक मोठं होतं).

लांबून पाहणाऱ्याला यातलं काही कळत नाही. सरकारी शाळा, फी नाही, मग एवढी मारामारी कशासाठी? जवळून पाहणाऱ्यांचाही गोंधळ होतो, कारण या भांडणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. जागेवर हक्क कुणाचा, हा एक. आत गेल्यावर अभ्यास कुणाला झेपेल, हा दुसरा. पहिल्यावर लोक तावातावाने बोलतात आणि पुरावे मात्र दुसऱ्याचे देतात. या लेखाचा रोख दुसऱ्या प्रश्नावर आहे.

## सरकारी शाळा, पण दार अरुंद

अमेरिकेत सर्वसाधारण सरकारी शाळेत प्रवेश परीक्षा नसते. तुम्ही ज्या भागात राहता तिथली शाळा तुमच्या मुलाला दाखल करून घेते, बस्स. याला मोजके अपवाद आहेत. काही मोठ्या शहरांनी आणि जिल्ह्यांनी हुशार मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवल्या आहेत आणि तिथे निवड करून प्रवेश देतात. बॉस्टन लॅटिन स्कूल १६३५ चं आहे, म्हणजे हार्वर्डपेक्षाही जुनं. लोवेल १८५६ चं. थॉमस जेफरसन, ज्याला सगळे नुसतं 'टीजे' म्हणतात, ते त्या मानाने अगदी अलीकडचं, १९८५ चं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या आठ शाळा आहेत. तिथले महापौर म्हणून निवडून आलेले झोहरान ममदानी यांपैकीच ब्राँक्स सायन्सचे माजी विद्यार्थी.

प्रवेशाची पद्धत प्रत्येक ठिकाणी निराळी. सगळ्यात कडक न्यूयॉर्कची. १९७१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की या शाळांचा प्रवेश फक्त एका स्पर्धात्मक परीक्षेवर होईल. त्यामुळे आजही महापौरांच्या मनात आलं म्हणून ती रद्द होत नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी प्रयत्न केला, पण विधिमंडळाने दाद दिली नाही.

ही परीक्षा होते कशी, ते बघण्यासारखं आहे. आठवीतलं मूल परीक्षेला बसतं. वर्षानुवर्षांचं स्वरूप असं: ११४ प्रश्न, १८० मिनिटं, अर्धी भाषा आणि अर्धं गणित. कुठली शाळा आधी हवी, कुठली नंतर, याचा पसंतीक्रम मूल देतं. मग सगळ्यांची एकच यादी लागते, सर्वाधिक गुणांपासून खाली. पहिल्या मुलाला त्याची पहिली पसंती मिळते, मग दुसरा, मग तिसरा, आणि शाळा भरत जातात. शाळेतले वार्षिक गुण, शिक्षकांचं मत, मुलाखत, निबंध यांतलं काहीही विचारात घेतलं जात नाही. वशिला लावायला जागाच नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. त्या एका सकाळी मुलाला ताप असेल तरी ऐकून घेणारं कुणी नाही, हा दोष.

## कटऑफ ठरवतो कोण?

कुणीच नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

स्टायव्हेसंटचा कटऑफ कुठल्या तज्ज्ञ समितीने बसून 'एवढे गुण असतील तरच इथला अभ्यास जमेल' असं म्हणून काढलेला नाही. जागा संपतात तिथे कटऑफ लागतो. २०१९ मध्ये त्या शाळेने ८९५ मुलांना जागा देऊ केल्या, २०२३ मध्ये ७६२. तेवढ्याने शेवटच्या मुलाचा क्रमांक शंभराहून अधिक जागांनी वर सरकला. चार वर्षांत तिथलं कॅल्क्युलस काही अवघड झालं नव्हतं.

समजा, पोहण्याच्या तलावाचे वीसच पास आहेत आणि मागणारी मुलं शंभर. व्यवस्थापक शर्यत लावतो आणि पहिल्या वीस जणांना पास देतो. एकविसावा मुलगा पाण्यात उतरला तर बुडेल का? मुळीच नाही, तो अर्ध्या सेकंदाने मागे राहिलेला चांगला पोहणारा आहे. शर्यतीने कोण किती वेगात येतो ते सांगितलं, पाणी किती खोल आहे ते सांगितलं नाही. मात्र ज्याला अजून हातपायही मारता येत नाहीत अशा नव्वदाव्या मुलाला खोल भागात सोडलं तर तो गटांगळ्या खाणार, हेही तितकंच खरं.

म्हणजे दोन रेषा आहेत. एक कटऑफची, ती जागांवर ठरते आणि दरवर्षी हलते. दुसरी किमान तयारीची, ती अभ्यासक्रमावर ठरते आणि सहसा हलत नाही. स्टायव्हेसंटसारख्या शाळेत पहिली रेषा दुसरीच्या बरीच वर असते. याचा पुरावा त्याच शहरात आहे. स्टायव्हेसंट थोडक्यात हुकलेलं मूल बहुधा त्या आठांपैकीच ब्रुकलिन टेकला जातं. तिथला कटऑफ कमी, विद्यार्थी सुमारे सहा हजार, आणि तिथली मुलंही कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकीचे विषय शिकून बाहेर पडतात.

तेव्हा 'दर्जा खाली आणला' असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, कुठली रेषा? कटऑफ खाली आला पण किमान तयारीच्या वरच राहिला, तर शाळेत गोंधळ उडायचं कारण नाही. किमान तयारीच्याही खाली गेला, तर मुलांचे हाल होतात. बातम्यांमध्ये या दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि मग वाद संपत नाही.

## तयारी म्हणजे नेमकं काय?

'हुशारी' हा शब्द इथे फारसा कामाचा नाही. तयारी म्हणजे नववीच्या पहिल्या दिवशी जे गृहीत धरलं जाईल ते मुलाला आधीच येत असणं.

टीजेचं उदाहरण घ्या. तिथे अर्ज करायचा तर आठवीपर्यंत बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम चालू किंवा पुरा असावा लागतो. आणि शाळा सोडेपर्यंत कॅल्क्युलसपर्यंत पोचावं लागतं. अमेरिकेत हा जिना ठरलेला आहे: पहिलं बीजगणित, भूमिती, दुसरं बीजगणित, कॅल्क्युलसपूर्व गणित, मग कॅल्क्युलस. आठवीत पहिली पायरी चढली तर नववी ते बारावी वर्षाला एक पायरी, श्वास घ्यायला उसंत नाही. जे मूल सातवीतच बीजगणित करून आलंय त्याच्या हाताशी एक वर्ष शिल्लक असतं. दोघांना शाळेने 'पात्र' म्हटलं, पण दोघांची नववी अगदी वेगळी जाते.

येणं आणि हातात बसणं यांतही फरक आहे. '३क्ष + ५ = २०, तर क्ष किती?' हे आठवीतलं बहुतेक मूल सोडवतं आणि त्यावर चांगली श्रेणीही मिळवतं. आता नववीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला शिक्षक फळ्यावर सूत्र लिहितात: क = ख + २गघ. आणि सहज बोलता बोलता म्हणतात, 'यातून घ बाहेर काढा आणि पुढे चला.' आकडा एकही नाही, नुसती अक्षरं. ज्याच्या हातात बीजगणित बसलंय त्याला तिथे काही झालं हेसुद्धा जाणवत नाही, त्याचं लक्ष भौतिकशास्त्रावर असतं. ज्याला फक्त पायऱ्या पाठ आहेत तो तिथेच थबकतो. तोवर शिक्षक पुढच्या ओळीवर गेलेले असतात. दोघांच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात श्रेणी मात्र एकच, 'ए'.

तिसरी गोष्ट सवयींची. रोज दोन-तीन तास गृहपाठ करणं, न समजलेलं विचारणं, पहिल्यांदाच कमी गुण पडल्यावर खचून न जाणं. आपल्या जुन्या शाळेत कायम पहिलं आलेल्या मुलाला ही शेवटची गोष्ट सगळ्यात जड जाते. ती कुठल्याही प्रवेश परीक्षेत मोजली जात नाही.

## परीक्षा की शाळेतले गुण?

दोन्हींच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत.

एकाच दिवसाची परीक्षा काठावरच्या मुलांबाबत फार बेभरवशाची असते. तेच मूल पुढच्या आठवड्यात बसलं तर दोन प्रश्न इकडचे तिकडे होतात आणि काठावर तेवढ्याने निकाल बदलतो. पण अगदी वरचं आणि अगदी खालचं मूल ती बऱ्यापैकी ओळखते. शाळेतले गुण वर्षभराची मेहनत आणि सवयी दाखवतात, हे परीक्षेला जमत नाही. त्यांची अडचण अशी की एका शाळेतला 'ए' आणि दुसऱ्या शाळेतला 'ए' यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

हा फरक किती टोकाला जातो ते कॉलेजच्या पातळीवर दिसलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांनी प्रवेशासाठी सॅट परीक्षेचे गुण बघणं बंद केलं. त्यानंतर सॅन डिएगोच्या शाखेतल्या प्राध्यापकांच्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला की नव्याने आलेल्या मुलांपैकी साधारण आठात एकाचं गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे. त्यांच्यात शाळेत गणितात वरच्या श्रेणी मिळवून आलेली मुलंही पुष्कळ होती. करोनाच्या काळात बुडालेली शाळा हेही त्यामागचं एक कारण समितीने दिलं आहे. पण जी श्रेणी खरी परिस्थिती सांगत नाही, ती पाहून प्रवेश देणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून निवडणं.

म्हणून दोन्ही एकत्र बघणं शहाणपणाचं. शिकागो आणि बॉस्टन तसं करतात. न्यूयॉर्कला त्याचा कायदा तसं करू देत नाही, आणि टीजेने २०२० मध्ये परीक्षा काढून टाकून बरोबर उलटं टोक गाठलं.

## सोडत काढली तेव्हा लोवेलमध्ये काय झालं?

या सगळ्या वादात प्रयोगाच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण लोवेलचं आहे.

करोनामुळे २०२० मध्ये परीक्षा झाल्या नाहीत आणि नेहमीसारख्या श्रेणीही दिल्या गेल्या नाहीत. निवड कशावर करायची? त्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डाने ठरवलं की एका वर्षापुरती लोवेलमध्येही इतर शाळांसारखी सोडत काढायची. इथवर ठीक होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बोर्डाने घाईघाईत हीच पद्धत कायमची केली. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसह काही संघटना कोर्टात गेल्या. निर्णय घेताना पुरेशी पूर्वसूचना दिली नाही या मुद्द्यावर त्याच नोव्हेंबरात न्यायाधीशांनी तो रद्दबातल ठरवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मतदान करून बोर्डाच्या तीन सदस्यांना मुदतीआधीच पदावरून हटवलं. जूनमध्ये नव्या बोर्डाने ४ विरुद्ध ३ मतांनी गुणांवर आधारित प्रवेश परत आणला.

सोडतीने आलेली पहिली तुकडी २०२१ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात नववीत बसली. त्या सत्राच्या शेवटी २४.४ टक्के नववीकरांना किमान एका विषयात डी किंवा एफ श्रेणी पडली. एफ म्हणजे नापास, आणि डी म्हणजे कसाबसा पास. आदल्या वर्षी हा आकडा ७.९ टक्के होता, त्याच्या आदल्या वर्षी ७.७. थेट तिप्पट.

सोडतीच्या विरोधकांना आयतंच हत्यार मिळालं. समर्थकांनी म्हटलं, ही मुलं आठवीचं वर्ष घरात बसून संगणकावर शिकली होती, दोष सोडतीचा नाही, महामारीचा आहे. शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापकही एकाच कारणावर बोट ठेवायला तयार नव्हते.

माझ्या मते दोघांचंही थोडं खरं आहे आणि दोघंही आकडा अर्धाच वाचतात. सोडत आणि महामारी एकाच वर्षी आल्याने त्यांचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हे मान्य. पण तिपटीची वाढ नुसत्या महामारीच्या माथी मारणं पटत नाही. आता आकड्याची दुसरी बाजू बघा. सोडतीने, म्हणजे कुठलीही चाळणी न लावता आलेल्या त्या तुकडीतल्या तीन चतुर्थांश मुलांना एकाही विषयात डी-एफ पडला नाही. कोणालाही घेतलं तरी शाळा चालते, असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की किमान तयारीची रेषा लोवेलच्या जुन्या कटऑफपेक्षा बरीच खाली असावी, पण ती आहे, आणि सोडतीत काही मुलं तिच्या खालून आत आली.

त्या मुलांचं काय झालं, याची चर्चा मात्र दोन्ही तटांनी फार कमी केली. चौदा वर्षांच्या मुलाला 'तुझा नंबर लागला' म्हणून दारातून आत घेतलं, आत त्याला हात द्यायला जादा शिक्षक नाहीत, पूरक तास नाहीत, आणि चार महिन्यांत प्रगतिपुस्तकावर एफ. त्याने शाळेचा दर्जा घालवला असं म्हणणं क्रूरपणाचं आहे.

## टीजेचे आकडे

टीजेने परीक्षा काढून टाकली, अर्जाचं १०० डॉलर शुल्कही काढलं, जागा ४८० च्या आसपास होत्या त्या ५५० केल्या, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मिडल स्कूलच्या (हायस्कूलच्या आधीच्या, आठवीपर्यंतच्या शाळेच्या) आठवीतल्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. उरलेल्या जागांसाठी श्रेणी आणि निबंध यांच्या जोडीला घरची आर्थिक स्थिती, इंग्रजी नव्याने शिकत असणं असे मुद्दे धरले. पहिल्याच वर्षी आशियाई वंशाच्या मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं, ते २५ टक्क्यांवर गेलं.

त्या तुकडीच्या बारावीच्या सुमारास दुसरा आकडा गाजला. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीच्या उपांत्य फेरीत टीजेची आदल्या वर्षी १६५ मुलं होती, ती ८१ झाली. शाळा बुडाली, असा ओरडा झाला. पण ही फेरी एका परीक्षेतल्या अगदी वरच्या गुणांवर ठरते. परीक्षेचे गुण न बघता मुलं घेतली की परीक्षेतले अव्वल मोहरे कमी होणार, यात आश्चर्य कसलं? हा आकडा शिखर किती उंच आहे ते सांगतो. तळाच्या मुलांना अभ्यास झेपला की नाही, हे त्यातून कळत नाही. शिखराची उंची हेच ज्यांना शाळेचं प्रयोजन वाटतं त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे, आणि असं वाटणं गैरही नाही. फक्त ते 'मुलांना झेपत नाही' याच्या पुराव्यात खपवू नये.

## मग हे आरक्षणच झालं ना?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. उत्तर: नाही, कारण अमेरिकेत तसं करायला परवानगीच नाही. २००७ मध्ये सिएटल आणि लुईव्हिलच्या खटल्यांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी शाळांनी एखाद्या मुलाचा वंश बघून त्याला जागा देऊ किंवा नाकारू नये. २०२३ च्या हार्वर्ड निकालाने कॉलेजांचीही ती वाट बंद केली.

म्हणून शहरांनी वळसा घेतला. शिकागोत वस्त्यांचे उत्पन्न, शिक्षण वगैरे बघून चार गट करतात. ३० टक्के जागा सरळ गुणांवर, उरलेल्या चार गटांत सारख्या वाटून, गटाच्या आत पुन्हा गुणांवर. बॉस्टनने २०२१ मध्ये असेच गट आणले. टीजेने शाळानिहाय वाटा ठेवला. मुलाची जात-पात, वंश विचारलेला नाही, पत्ता आणि शाळा विचारली.

विरोधकांचं म्हणणं असं की हेतू वंशाचाच आहे, पत्ता हा बुरखा आहे. टीजेच्या खटल्यात खालच्या न्यायाधीशांना ते पटलं. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाला २ विरुद्ध १ मतांनी पटलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, त्यातल्या दोन न्यायमूर्तींनी त्याविरुद्ध मत नोंदवलं. बॉस्टनचंही त्याच वर्षी डिसेंबरात तसंच झालं. म्हणजे ही पद्धत सध्या चालते, पण तिच्यावर कायमची मोहोर उठलेली नाही.

तयारीच्या दृष्टीने एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. शिकागोच्या गटांत गुण असतातच, गटाच्या आत स्पर्धा असते, त्यामुळे निवडलेलं मूल आपल्या वस्तीतलं अव्वल असतं. साध्या सोडतीत तसं काहीच नसतं. लोवेल आणि शिकागो यांना एकाच मापाने मोजणाऱ्या लेखांवर विश्वास ठेवू नये.

## थोडक्यात हुकलं, तर नुकसान किती?

घरोघरी याचीच खरी धास्ती असते. यावर एक सुंदर संशोधन आहे. जोशुआ अँग्रिस्ट (पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक), पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्कची मुलं घेतली. वरची मुलं आणि खालची मुलं यांची तुलना त्यांनी केली नाही, कारण ती मुळातच वेगळी असतात. कटऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं शोधली. एका-दोन प्रश्नांचा फरक, म्हणजे तयारी जवळपास सारखी. एक आत गेला, दुसरा बाहेर राहिला. पुढे काय झालं?

नंतरच्या परीक्षांच्या गुणांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

लगेच हरकत येते: मग या शाळांतून एवढे मोठे लोक कसे निघतात? कारण तशी मुलंच तिथे जातात. शाळेच्या निकालातला मोठा भाग तिथे येणाऱ्या मुलांचा असतो, शाळेचा वाटा दिसतो त्याहून कमी. अर्थात हे संशोधन काठावरच्या मुलांबद्दल आहे. जे मूल रेषेच्या खूप वर आहे आणि ज्याला आपल्या भागातल्या शाळेत बोलायला जोडीदारही मिळणार नाही, त्याच्याबद्दल ते काही सांगत नाही. आणि रेषेच्या खूप खालच्या मुलाबद्दलही नाही.

शिकागोतल्या अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. गरीब वस्त्यांतून निवडक शाळेत जेमतेम शिरलेल्या मुलांचे परीक्षेतले गुण वाढले नाहीत. उलट त्यांच्या शाळेतल्या श्रेणी कमी झाल्या, आणि चांगल्या कॉलेजात जाण्याचं प्रमाणही घटलं. ही मुलं कच्ची नव्हती. पण कॉलेजं श्रेणी बघतात, आणि अव्वलांच्या वर्गात मधल्या मुलाला मधली श्रेणी पडते. आपल्या भागातल्या शाळेत तेच मूल पहिलं आलं असतं. मुलांना स्वतःला मात्र तिथलं वातावरण अधिक सुरक्षित आणि चांगलं वाटत होतं, आणि ती काही छोटी बाब नाही. मुलाला कुठे घालायचं हे ठरवणाऱ्या पालकाने दोन्ही गोष्टी तराजूत घालाव्यात.

## परीक्षा सगळ्यांना सारखीच, मग अन्याय कसला?

परीक्षेच्या दिवशी अन्याय नाही, हे मी मान्य करतो. आणि 'ही श्रीमंतांची परीक्षा आहे' हे सर्रास ऐकू येणारं वाक्य न्यूयॉर्कला तरी लागू पडत नाही. स्टायव्हेसंटमधल्या मुलांचा मोठा हिस्सा कमी उत्पन्नाच्या घरांतला आहे, त्यांत स्थलांतरित आशियाई कुटुंबं पुष्कळ. आई-बाप हॉटेलात किंवा दुकानात राबतात आणि पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरतात. त्यांच्या मुलांना 'तुम्हाला झुकतं माप मिळालं' असं सांगणं चुकीचंच नाही, अपमानास्पदही आहे.

पण क्लास लावावा लागतो याचाच अर्थ परीक्षेत विचारतात ते सगळं शाळेत शिकवलं जात नाही. ज्या घराला दोन-तीन वर्षं आधी कुणी सांगितलं ते घर तयारीला लागतं. ज्याला आठवीत पत्ता लागला त्याचा उशीर झालेला असतो. पैशापेक्षाही ही माहिती आधी कुणाला मिळते, यावर बरंच ठरतं.

## दाराच्या आधीची वर्षं

तयारी आठवीच्या परीक्षेत मोजली जाते, घडते पाचवी ते आठवीत. या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. २०१४ मध्ये त्या शहराने ठरवलं की आठवीत बीजगणित कुणालाच शिकवायचं नाही, सगळ्यांना एकदम नववीत. हेतू चांगला होता: काही मुलं लवकर पुढे जातात, बाकीची मागे पडतात, ही दरी बुजवायची. झालं भलतंच. ज्यांना परवडत होतं त्यांनी आठवीतच बाहेर खासगी अभ्यासक्रम लावला आणि पुढे निघून गेले. ज्यांना परवडत नव्हतं त्यांची ती पायरीच काढून घेतली गेली. हीच मुलं पुढे लोवेलच्या नववीत बसली, तेव्हा एकाच बाकावर दोन वेगळ्या पायऱ्यांवरची मुलं होती. त्याच शहराच्या बोर्डाने दाराची चाळणी मात्र काढून टाकली.

न्यूयॉर्कच्या त्या कडक कायद्यात एक खिडकी पहिल्यापासून आहे, तिचं नाव डिस्कव्हरी. कटऑफच्या थोडं खाली राहिलेली, गरीब परिस्थितीतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत खास अभ्यासक्रम करतात, तो पुरा केला की प्रवेश. डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करता येत नाही हे पाहून ही खिडकी मोठी केली, प्रत्येक शाळेच्या वीस टक्के जागांपर्यंत. त्यावरही खटला झालाच. पण तयारीच्या दृष्टीने मला ही योजना सोडतीपेक्षा कितीतरी सरस वाटते, कारण तिच्यात मूल किती मागे आहे ते आधी पाहतात, मग शिकवतात, आणि मग आत घेतात. उन्हाळ्याचे काही आठवडे तीन वर्षांची कसर भरून काढत नाहीत हे खरं, म्हणूनच ती फक्त काठाजवळच्या मुलांना लागू पडते.

सॅन फ्रान्सिस्कोला दहा वर्षांनी उपरती झाली. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला की बीजगणित आठवीत परत आणा. कौल बंधनकारक नव्हता, पण बोर्डाने त्याआधीच त्या दिशेने पाऊल टाकलं होतं. आता तिथल्या मिडल स्कूलांना आठवीच्या वर्गात बीजगणित शिकवू शकणारे शिक्षक हवे आहेत, तेही शहराच्या प्रत्येक भागात.